पिएरफोंचा किल्ला : पाडला, विकला आणि पुन्हा बांधला



जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली तेव्हा आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही आनंद झालाच. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो आहोत. रायगडावर राजवाड्याची नुसती जोती उरली आहेत. मग तो पूर्वीसारखा बांधून का काढत नाहीत? पैसा आहे, यंत्रे आहेत, कारागीर आहेत. मग अडते कुठे?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधे नाही. फ्रान्समध्ये हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तिथे एका सम्राटाने आणि एका वास्तुविशारदाने मिळून एक पडका किल्ला खरोखरच पुन्हा बांधून काढला. त्याचे नाव पिएरफों. त्या कामाचे कौतुक आजही होते आणि त्यावरून वादही आजपर्यंत चालू आहे. म्हणून या वेळी त्या किल्ल्याची हकिकत सविस्तर सांगावी असे ठरवले.

किल्ला कुणी बांधला?

पॅरिसच्या ईशान्येला काँपिएनचे मोठे अरण्य आहे. या अरण्याच्या कडेला पिएरफों हे छोटे गाव आणि गावाच्या डोक्यावर टेकडीवर हा किल्ला आहे. बाराव्या शतकातही इथे एक किल्ला होता. आज ज्याचा इतिहास सांगतात तो किल्ला मात्र बांधला लुई ऑर्लेआँ याने, १३९३ ते १४०७ या काळात.

हा लुई म्हणजे फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याचा धाकटा भाऊ. राजाला १३९२ पासून वेडाचे झटके येऊ लागले. राजा असा आजारी, त्यामुळे कारभार कुणी पाहायचा यावरून घरात भाऊबंदकी सुरू झाली. एका बाजूला भाऊ लुई आणि दुसऱ्या बाजूला बर्गंडीचे चुलत घराणे. आपल्या पेशवाईचा उत्तरार्ध ज्यांनी वाचला आहे त्यांना हे चित्र समजायला वेळ लागणार नाही.

लुईकडे व्हालुआ प्रांताची जहागीर होती. पॅरिसकडून उत्तरेला, म्हणजे बर्गंडीवाल्यांच्या फ्लँडर्सच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटांवर आपली पकड राहावी म्हणून त्याने या भागात किल्ल्यांची एक साखळीच उभी करायला घेतली. त्यातले तीन किल्ले लक्षात ठेवावेत असे आहेत. पिएरफों त्याने नव्याने बांधला. कूसी हा जुना बलाढ्य किल्ला त्याने १४०० मध्ये विकत घेतला. ला फेर्ते-मिलाँ इथे तिसरा किल्ला बांधायला काढला. या तिघांचे पुढे काय झाले ते लेखाच्या ओघात येईलच.

२३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यावर लुईवर मारेकरी घातले गेले. ते बर्गंडीच्या जॉनने पाठवले होते, आणि त्याने ते पुढे कबूलही केले. लुई तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. या खुनातून फ्रान्समध्ये यादवी पेटली. ला फेर्ते-मिलाँचे काम त्या दिवशी थांबले ते कायमचेच. आजही तिथे दर्शनी बाजूची एक प्रचंड भिंत आणि बुरूज उभे आहेत आणि भिंतीमागे मोकळी जागा आहे. पिएरफोंचे काम मात्र तोवर जवळजवळ पुरे झाले होते.

किल्ल्याची रचना

आपले डोंगरी किल्ले कातळाचा आधार घेऊन बसतात. सह्याद्रीच निम्मे काम करतो. पिएरफोंची टेकडी तेवढी अवघड नाही, त्यामुळे तिथे संरक्षणाचा भार बांधकामावरच पडला. किल्ला साधारण चौकोनी आहे. चार कोपऱ्यांवर चार आणि चार बाजूंच्या मध्यावर चार असे आठ गोल बुरूज. भिंती पायथ्याशी कित्येक मीटर जाड. आत मोठा चौक आणि चौकाभोवती राहण्याच्या, दरबाराच्या व कोठाराच्या इमारती.

आठ बुरुजांना आठ वीरांची नावे आहेत : हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, जोशुआ, जुडास मॅकाबियस, आर्थर, शार्लमेन आणि गॉदफ्रॉय. मध्ययुगीन युरोपात नऊ आदर्श वीरांची एक यादी प्रसिद्ध होती, तीन प्राचीन ग्रीक-रोमन कथा-इतिहासातले, तीन ज्यू परंपरेतले आणि तीन ख्रिस्ती. बुरूज आठच असल्यामुळे ज्यू राजा डेव्हिड तेवढा वगळला गेला. प्रत्येक बुरुजावर त्या त्या वीराचा पुतळा आहे.

युद्धाच्या दृष्टीने या किल्ल्याची खासियत म्हणजे तटावरचा दुहेरी गस्तीमार्ग. भिंतीच्या वरच्या भागात एकावर एक असे दोन रस्ते किल्ल्याभोवती फिरतात. खालचा रस्ता छपराखाली असून तो भिंतीच्या पुढे काढलेला आहे. त्याच्या तळाशी ठरावीक अंतरावर फटी ठेवल्या आहेत. शत्रू भिंतीला शिड्या लावायला आला की थेट त्याच्या डोक्यावर वरून दगड टाकता येतात. त्याच्या वरच्या रस्त्याला चर्या आहेत आणि तिथून दूरवर मारा करता येतो. दोन्ही रस्ते सलग असल्यामुळे एका बाजूची शिबंदी दुसऱ्या बाजूच्या मदतीला झटकन पोहोचते. जुन्या किल्ल्यांत प्रत्येक बुरूज आपापल्या जागी लढायचा. इथे सगळा तट एकत्र लढतो.

हे सर्व खरे असले तरी ही रचना शिड्या, बाण आणि दगडफेकी यंत्रांच्या काळातली होती. तोफा सुधारत गेल्या तशा उंच भिंती म्हणजे सोपे निशाण ठरू लागल्या.

पाडण्याचा हुकूम

पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्याचे मालक बदलत गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मयुद्धांच्या धामधुमीत त्याने राजाच्या फौजेलाही दाद दिली नव्हती. १६१६-१७ मध्ये तो एस्त्रे घराण्याच्या ताब्यात होता आणि हे लोक बाल-राजा तेराव्या लुईविरुद्ध उठलेल्या असंतुष्ट सरदारांना सामील होते. तेव्हा नुकतेच मंत्री झालेल्या रिशल्यूने फौज पाठवली. तोफा लागल्या आणि किल्ला पडला.

किल्ला जिंकल्यावर तो निरुपयोगी करण्याचा हुकूम निघाला. बाहेरची संरक्षक बांधकामे जमीनदोस्त केली, छपरे काढून टाकली, बुरुजांना आणि तटाला मोठमोठी भगदाडे पाडली. पण काम इतके अवाढव्य होते की पाडणारेच थकले आणि ते अर्धवट राहिले. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या अनेक किल्ल्यांचे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. वाटा आणि दरवाजे तोडले की किल्ला आपोआप मरतो. हेतू दोन्हीकडे एकच, पुन्हा कुणी तिथे जाऊन बंड करू नये.

यानंतर दोनशेहून अधिक वर्षे पिएरफों नुसता पडून होता. फ्रेंच राज्यक्रांतीत तो सरकारजमा झाला आणि विकला गेला. १८१० मध्ये पहिल्या नेपोलियनने तो विकत घेतला, तीन हजार फ्रँकपेक्षाही कमी किमतीत. आमच्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसांना हा आकडा लक्षात ठेवावासा वाटतो, कारण पुढे याच मालमत्तेवर किती खर्च झाला ते आपण पाहणार आहोत.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पडक्या वास्तूंचे वेड आले. वेलींनी वेढलेल्या भिंती पाहायला लोक मुद्दाम येऊ लागले. कोरोसारख्या मोठ्या चित्रकाराने पिएरफोंचे अवशेष अनेकदा रंगवले. १८३२ मध्ये राजा लुई फिलिपची मुलगी बेल्जियमच्या राजाला दिली, त्या लग्नानिमित्त या भग्नावशेषांत मेजवानी झाली. १८४८ मध्ये किल्ल्याची ऐतिहासिक स्मारक म्हणून सरकारी नोंद झाली. म्हणजे पडका किल्ला पडका म्हणूनच लोकांना आवडत होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

सम्राट आणि वास्तुविशारद

लुई नेपोलियन बोनापार्ट, म्हणजे पुढचा सम्राट तिसरा नेपोलियन, १८५० मध्ये हा किल्ला पाहून गेला. काँपिएनच्या राजवाड्यात त्याचा दरबार शिकारीच्या मोसमात भरत असे आणि पिएरफों तिथून जवळच होता. १८५७ मध्ये त्याने हे काम यूजेन व्हिओले-ल-द्यूक याच्याकडे सोपवले.

व्हिओले-ल-द्यूकचा जन्म १८१४ चा. वास्तुकलेच्या सरकारी शाळेत तो गेला नाही. देशभर हिंडून, जुन्या इमारतींची मापे घेऊन, चित्रे काढून तो शिकला. ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक असलेला लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने त्याला हेरले आणि १८४० मध्ये व्हेझलेच्या मोडकळीस आलेल्या चर्चचे काम दिले. ते त्याने सावरले. पुढे पॅरिसचे नोत्रदाम आणि कार्कासोनची तटबंदी ही कामेही त्याच्याकडे आली. फ्रेंच मध्ययुगीन वास्तुकलेवर त्याने दहा खंडांचा कोश लिहिला. दगड कसा घडवायचा इथपासून तुळई कशी जोडायची इथपर्यंत सगळे त्यात आकृत्यांसह आहे. थोडक्यात, या विषयाचा त्याच्याइतका जाणकार त्या काळी क्वचितच दुसरा असेल.

सुरुवातीची योजना माफक होती. मुख्य निवासी भाग तेवढा राहण्याजोगा करायचा आणि बाकीचे अवशेष शोभेसाठी तसेच ठेवायचे. १८६१ मध्ये मात्र बेत बदलला. संपूर्ण किल्लाच उभारून तिथे सम्राटाचे निवासस्थान करायचे ठरले. ज्यांनी घर दुरुस्तीला काढले आहे त्यांना हा प्रवास नवा नाही. नुसते छप्पर बदलायचे म्हणून माणूस सुरुवात करतो आणि नव्या मजल्यावर येऊन थांबतो.

एकूण खर्च सुमारे पन्नास लाख फ्रँकवर गेला आणि त्यातला चाळीस लाखांच्या घरातला भाग सम्राटाला राज्याकडून मिळणाऱ्या सालीना नेमणुकीतून आला. तीन हजारांच्या आतल्या खरेदीवर पन्नास लाखांचा खर्च! आमच्याकडे असा कर्जाचा अर्ज आला असता तर तो मंजूर झाला नसता.

काम कसे झाले?

आधी ढिगारे उपसले. त्यात घडीव दगड, कोरीवकामाचे तुकडे, कमानींचे भाग सापडले. त्यावरून खिडक्या कशा होत्या, कठडे कसे होते याचा अंदाज बांधला. उभ्या भिंतींत तुळयांची भोके होती, त्यावरून मजल्यांची उंची कळली. धुराड्यांच्या खुणांवरून शेगड्यांच्या जागा कळल्या. बाहेरचा तट, बुरूज आणि दुहेरी गस्तीमार्ग हे काम पुष्कळसे पुराव्याला धरून झाले, असे सर्वसाधारण मत आहे.

आतल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पुरावा फार थोडा होता. शिवाय सम्राटाचे घर व्हायचे होते, चौदाव्या शतकातल्या सरदाराचे नव्हे. म्हणून व्हिओले-ल-द्यूकने तिथे स्वतःच्या कल्पनेला वाव दिला. भिंतींवर रंगीत वेलबुट्टी, लाकडी तक्तपोशी, नवे जिने, सगळे मध्ययुगाच्या ढंगाचे, पण बरेचसे त्याचे स्वतःचे. चौकातल्या पन्हळींना त्याने अजस्र सरड्या-मगरींसारख्या प्राण्यांचे रूप दिले आणि छपराच्या खिडक्यांवर दगडी मांजरे बसवली.

सुमारे पन्नास मीटर लांबीचे एक भव्य दालन आहे. त्यातल्या मोठ्या शेगडीवर नऊ वीरांगनांचे पुतळे आहेत. मधल्या सेमिरामिस राणीचा चेहरा सम्राज्ञी यूजेनीचा आहे आणि बाकीच्या तिच्या दरबारातल्या स्त्रिया. चॅपलच्या दारावर यात्रेकरूच्या वेषातल्या संत जेम्सचा पुतळा आहे, त्याचा चेहरा खुद्द व्हिओले-ल-द्यूकचा. चौकात फ्रेमिए या शिल्पकाराने केलेला लुई ऑर्लेआँचा अश्वारूढ पुतळा आहे. मूळ मालकाला निदान अंगणात तरी जागा मिळाली.

त्या मोठ्या दालनात सम्राटाने आपला शस्त्रसंग्रह मांडला आणि १८६७ पासून तो लोकांना पाहता येऊ लागला. पण १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झाले, सेदाँच्या लढाईत सम्राट कैद झाला आणि साम्राज्य संपले. शस्त्रे पॅरिसच्या संग्रहालयात गेली. राजवाडा म्हणून पिएरफों कधी वापरात आलाच नाही.

काम मात्र हळूहळू चालू राहिले. १८७९ मध्ये व्हिओले-ल-द्यूक वारला. त्याचा जावई मॉरिस ऊरादू याने सूत्रे घेतली. १८८५ मध्ये पैसा संपला आणि काम थांबले. म्हणून आजही काही दालने रंगीबेरंगी आणि काही कोऱ्या दगडाची आहेत. आता किल्ला फ्रान्सच्या राष्ट्रीय स्मारक केंद्राकडे आहे. ‘मर्लिन’ या इंग्रजी मालिकेतला राजा आर्थरचा किल्ला म्हणजे हाच. आपल्या नातवंडांनी तो पडद्यावर पाहिला असण्याची शक्यता आहे.

वाद काय आहे?

व्हिओले-ल-द्यूकची भूमिका त्याच्या कोशात स्पष्ट आहे. त्याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे नुसती डागडुजी नव्हे. वास्तूला तिचे पूर्ण रूप द्यायचे, मग ते रूप इतिहासात कुठल्याही एका क्षणी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. मूळ कारागिराच्या जागी स्वतःला ठेवून विचार करावा, असे तो म्हणे.

इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ मध्येच याच्या नेमकी उलट बाजू मांडली होती. मेलेला माणूस जसा जिवंत करता येत नाही तशी गेलेली वास्तू परत आणता येत नाही, जे उभे राहते ती नक्कल, असे त्याचे म्हणणे. वेळच्या वेळी निगा राखा, छपरावरची गळती थांबवा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाही. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने याच विचाराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

आपल्या देशात हा दुसरा विचार रुजला. भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये संवर्धनाची नियमावली काढली. तिचा भर आहे ते टिकवण्यावर आहे, नवे बांधण्यावर नाही. रायगडाच्या जोत्यांवर भिंती का चढत नाहीत, याचे एक मोठे कारण इथे सापडते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हे तत्त्व जगभर मान्य केले. तिचा मथितार्थ असा, की पुरावा संपून अंदाज सुरू होतो तिथे थांबावे, नवे काम नवे म्हणून ओळखू यावे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी.

या कसोटीला पिएरफोंचा आतला भाग उतरत नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे काम आता स्वतःच दीडशे वर्षांचे झाले आहे. चौदाव्या शतकाबद्दल ते अर्धवट सांगते, पण एकोणिसाव्या शतकाला मध्ययुग कसे दिसत होते ते पूर्ण सांगते. आणि तो तट, ते गस्तीमार्ग नुसत्या ढिगाऱ्यावरून सामान्य माणसाला कधीच कळले नसते.

तीन भावंडांचे तीन प्रकार

लुईच्या तीन किल्ल्यांकडे आता एकत्र पाहू. ला फेर्ते-मिलाँ अर्धवट राहिला आणि तसाच ठेवला आहे. पिएरफों पुन्हा बांधला. तिसरा कूसी. त्याचा मुख्य बुरूज पन्नास मीटरहून उंच, युरोपातल्या सर्वांत मोठ्या बुरुजांपैकी एक. तिथेही काम व्हिओले-ल-द्यूककडेच होते, पण तिथे त्याने पुनर्बांधणी केली नाही, तडे गेलेला बुरूज सावरून धरला एवढेच. मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने अठ्ठावीस टन स्फोटके लावून तो उडवला. फ्रान्सने तो पुन्हा बांधला नाही. युद्धाची साक्ष म्हणून ढिगारा तसाच ठेवला.

एका मालकाचे तीन किल्ले, त्यातल्या दोघांवर एकाच वास्तुविशारदाचा हात, आणि तिन्ही ठिकाणी निर्णय निराळा. म्हणजे सगळ्या वास्तूंना लागू पडेल असा एकच नियम नाही. काय उरले आहे, पुरावा किती आहे आणि लोकांना त्या जागेकडून काय हवे आहे, हे पाहून ठरवावे लागते.

नोत्रदामचे उदाहरण तर ताजे आहे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिथला जो उंच मनोरा कोसळताना जगाने पाहिला, तो मध्ययुगीन नव्हता, व्हिओले-ल-द्यूकचाच होता. नवा मनोरा आधुनिक करावा का यावर वाद झाला आणि शेवटी त्याचाच नमुना जसाच्या तसा उभारायचे ठरले. ज्याला नक्कल म्हटले होते ती आता जपण्याजोगी अस्सल ठरली! सुमारे दोन हजार ओकची झाडे लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते खुले झाले. हे शक्य झाले कारण मापे हाताशी होती. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन अभ्यासकाने आगीच्या काही वर्षे आधी लेझरने सगळ्या इमारतीची मोजणी करून ठेवली होती. आणि कुऱ्हाडीने तुळया तासणारे सुतारही मिळाले. त्यातले काही गेदलाँचे होते. बर्गंडीतल्या गेदलाँ इथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने एक नवाकोरा किल्ला बांधण्याचा प्रयोग चालू आहे. तो पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांवर चालतो. तिथे टिकलेले कसब अडचणीच्या वेळी कामी आले.

आपला राजवाडा आणि आपले वाडे

हे सगळे इतक्या लांबचे असले तरी आपल्याला परके नाही. आपल्या जिंजीवर राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे सोसला, तोच किल्ला पुढे १७५० ते १७६१ फ्रेंचांच्या ताब्यात होता. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे आपला राजवाडा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत मागचा भाग जळून गेला आणि दर्शनी भाग तेवढा वाचला. पुढे २००६-०७ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने जळालेला भाग पारंपरिक पद्धतीने पुन्हा बांधला गेला. आज आत जाणाऱ्या तरुणांना जुने कुठले आणि नवे कुठले हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तो भाग खोटा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. पण जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे सांगणारी पाटी जागोजागी असावी असे नक्की वाटते.

आणि राजवाड्यापेक्षाही आम्हाला काळजी आहे ती आपल्या घरांची. जुन्या वस्तीतले मराठी वाडे एकेक करून जात आहेत. वाटण्या होतात, भाडेकरूंचे वाद असतात, दुरुस्तीचा खर्च एकट्याला झेपत नाही. प्रत्येक वाडा वाचवणे शक्य नाही, हे आम्ही व्यवहार पाहिलेली माणसे जाणतो. पण पिएरफोंच्या हकिकतीतून तीन गोष्टी कुणालाही करता येतील.

पहिली, नोंद. वाडा पाडण्याआधी किंवा दुरुस्तीला काढण्याआधी फोटो काढा, खोल्यांची मापे घ्या, साधा नकाशा कागदावर उतरवा. चौक, देवघर, माजघर, तुळशीवृंदावन कुठे होते ते लिहून ठेवा. कोरीव खांब, कडीपाटाचा तुकडा, दाराची बिजागरी यांतले काहीतरी जपा. ढिगाऱ्यातल्या तुकड्यांवरूनच पिएरफोंच्या खिडक्या कळल्या होत्या.

दुसरी, साहित्य. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते आणि मग आतली वीट नाहीतर दगड भुसभुशीत होऊन झडू लागतो. काम भक्कम दिसते आणि भिंत आतून कुजते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल.

तिसरी, वेळ. कौले सरकली, पन्हळ तुंबली, भिंतीत पिंपळ उगवला की त्याच वर्षी बंदोबस्त करा. पावसाळ्यापूर्वीची ही थोडकी रक्कम पुढचे मोठे अंदाजपत्रक वाचवते. रस्किनचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

रायगडाच्या प्रश्नाला आमचे उत्तर विचाराल तर ते असे आहे. जोती आहेत ती भक्कम करावीत, पाणी मुरू देऊ नये, उत्खननात सापडेल ते जपावे, आणि वाडा कसा असेल याची चित्रे, प्रतिकृती गडाखाली कराव्यात. पुरावा जेवढा आहे तेवढेच वर बांधावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. या विषयावर दोन मते असणे साहजिक आहे आणि फ्रेंचांचेही अजून एकमत झालेले नाही.

ज्यांच्या घरी जुन्या वाड्यांचे फोटो, नकाशे किंवा बांधकामाच्या खर्चाच्या वह्या असतील त्यांनी त्यांची प्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी, ही विनंती. मूळ कागद आपल्याकडेच ठेवा. फोटोच्या मागे वाडा कुणाचा, कुठल्या गल्लीतला आणि साल कोणते एवढे पेन्सिलीने लिहायला मात्र विसरू नका. ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.